पुणे–नागपूर: विमान, रेल्वे की समृद्धी?

लोहगाव ते सोनेगाव, म्हणजे पुण्याच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत, सरळ रेषेत अंतर साधारण ६०५ किलोमीटर. तिकिटावर सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो आणि त्यातही विमान हवेत असतं जेमतेम तासभर. पण पुण्यात नोकरी आणि नागपूरला आई-वडील अशी ज्यांची स्थिती आहे, त्यांनी हा आकडा बघून ठरवू नये. दारापासून दारापर्यंत मोजावं.

माझा हिशेब असा. संध्याकाळी कोथरूडहून लोहगावला सव्वा तास. बॅग द्यायचा काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून विमानतळावर पावणेदोन तास हाताशी. विमानाचा दीड तास. बॅग पट्ट्यावर यायला पंचवीस मिनिटं. नागपूरचं विमानतळ गावाला लागूनच, त्यामुळे मनीषनगरच्या घरी पुढच्या पंधरा मिनिटांत. झाले पाच तास दहा मिनिटं. खराडी-विमाननगरवाल्यांचा यातला तास सहज वाचतो. हिंजवडीवाल्यांनी अर्धा तास वरच धरावा.

रेल्वेने हेच अंतर ८८१ किलोमीटर होतं. पावणेतीनशे किलोमीटर वाढतात, कारण गाडी सरळ पूर्वेला जातच नाही. दौंडवरून अहिल्यानगर करत उत्तरेला मनमाडपर्यंत चढते आणि तिथून भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा वळसा घेते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी–पुणे वंदे भारत हे अंतर बारा तासांत कापते. गाडी चांगली आहे, पण सगळी बैठक खुर्च्यांची आणि प्रवास दिवसाचा. रजेचा एक अख्खा दिवस तिच्यात जातो. रात्रीच्या गाड्या तिच्याहून हळू, तरी मला त्याच बऱ्या वाटतात. जेवून आडवं व्हावं, सकाळी जाग येते तेव्हा विदर्भ लागलेला असतो. शिवाय सामानाचं वजन कुणी करत नाही. विमानात सात किलो हातात, पंधरा किलो खाली. परतताना आई लोणच्याची बरणी देते, ती हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. दोन टॉवेलांत गुंडाळून खालच्या बॅगेत टाकावी लागते आणि घरी पोचेपर्यंत जीव तिच्यात अडकतो.

रस्त्याने सुमारे सातशे किलोमीटर. संभाजीनगरच्या पुढे समृद्धी लागला की गाडी पळते, पण त्याआधी वाघोली-शिक्रापूरची कोंडी आहेच. दहा तास धरा. चौघं असाल आणि चालवणारे दोघं असतील तरच हा विचार करा. सरळसोट रस्त्यावर एकट्याने रात्रभर गाडी हाकू नका, डोळा लागतो.

शनिवार-रविवारसाठी जायचं असेल तर विमानच, आणि तिकीट महिनाभर आधी काढा. दिवाळीला भाडं कुठल्या कुठे जातं, तेव्हा रेल्वेचं आरक्षण उघडल्या दिवशीच करून ठेवा. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना पुण्याला आणायचं असेल, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. ती दारापासून विमानापर्यंत नेते, पैसे लागत नाहीत. माझ्या वडिलांना मी आता असंच आणतो.