क्रूझ महिन्यावर, पासपोर्ट संपत आलेला: कोल्हापुरात साधा अर्ज, पुण्यात तत्काळ, की तारीखच पुढे?

आत्याच्या मुलानं सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली, आणि पैसे भरून झाल्यावर मला फोन केला. "ताई, आई-पप्पांचे पासपोर्ट जरा बघून ठेव." आमच्या घराण्यात फॉर्म भरायचं काम माझ्याकडं कधी आलं ते आठवत नाही, पण आता ते गेलेलं नाही. जहाज सुटायला तेहतीस दिवस होते आणि दोघांच्या पासपोर्टांना चार-चार महिने उरले होते.

"चार महिने हायत की अजून," मामा म्हणाले. आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो.

इथंच निम्मे लोक फसतात. सिंगापूरला पासपोर्ट किमान सहा महिने चालू असावा लागतो, मलेशियालाही तसंच. क्रूझ कंपन्याही साधारण हाच नियम धरून चालतात, आणि तो नाही पाळला तर बंदरावरूनच परत पाठवतात. म्हणजे चार महिने उरलेला पासपोर्ट घरात चालू असतो, जहाजासाठी संपलेला असतो. आपल्याकडं मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. पासपोर्टच्या भाषेत त्याला रीइश्यू म्हणतात. तिकीट काढायच्या आधी तारीख बघायला हवी होती, पण ते आता त्या मुलाला कोण सांगणार.

कोल्हापुरात बसून विचार केला तर तुमच्यापुढं चार वाटा असतात. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एक चालले, मामांनी दुसरी धरली, आत्याला तिसरी, म्हणजे तारीख पुढं ढकलायची, धरावी लागली. चौथी शेजाऱ्यांकडून ऐकली.

कोल्हापुरातच, साधा अर्ज

पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्रं उघडायची योजना २०१७ साली आली आणि आपलं केंद्र त्यातलंच. त्याआधी कोल्हापूरकराला पासपोर्टसाठी पुण्याची वारी चुकत नव्हती. फी छत्तीस पानांच्या पुस्तिकेला १५०० रुपये, साठ पानांच्या पुस्तिकेला २०००. सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी. वयस्कर माणसांसाठी ही गोष्ट लहान नाही. मामांचा गुडघा बसमध्ये जाऊन-येऊन दहा तास दुमडून ठेवायचा म्हणजे परत आल्यावर आठवडाभर शेक.

पण एक गैरसमज काढून टाका. अर्ज कोल्हापुरात दिला म्हणजे पासपोर्ट कोल्हापुरात तयार होतो असं नाही. आपला जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. इथं फोटो, बोटांचे ठसे आणि कागदांची तपासणी होते. मंजुरी आणि छपाई पुण्यातच. त्यामुळं "जवळ आहे म्हणून लवकर" हे गणित चुकीचं आहे. वाचतो तो तुमचा प्रवास, पासपोर्टाचा नाही.

मामांना चार दिवसांनंतरची वेळ मिळाली. भेटीनंतर अकराव्या दिवशी पासपोर्ट दारात. पोलीस पडताळणी त्यानंतर झाली, म्हणजे पासपोर्ट तिच्यासाठी अडला नाही. हे प्रत्येकाच्या बाबतीत असंच होईल असं मी म्हणणार नाही, पण का झालं ते पुढं सांगते.

पुण्यात, तत्काळ

तत्काळला वर २००० रुपये. छत्तीस पानांना एकूण ३५००. बदल्यात काय मिळतं? पोलीस पडताळणीची वाट न बघता, अर्ज मंजूर झाल्यापासून तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पासपोर्ट रवाना करायचा, असं कार्यालयाचं वेळापत्रक. पडताळणीची गरजच नसेल तर त्याहून लवकर. अर्ज द्यायचा तो दिवस धरायचा नाही, शनिवार-रविवार धरायचे नाहीत. शुक्रवारी गेलात तर बुधवार. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, रेशन कार्ड अशा यादीतले तीन पुरावे लागतात, आणि मूळ जुना पासपोर्ट तर असतोच.

तत्काळ निवडलं की पोर्टल कुठल्या केंद्रांच्या तारखा दाखवतं ते आधी बघा. अपॉइंटमेंट कुठं शिल्लक आहे हे पैसे न भरताही दिसतं. मी दोन वर्षांपूर्वी पाहिलं तेव्हा पुण्यातल्या मुंढव्याच्या केंद्राची तारीख तीन दिवसांवर होती. ऑफिसच्या कामासाठी बाहेर जायचं होतं, म्हणून घेऊन टाकली.

वंदे भारत डोक्यात आणू नका. सप्टेंबर २०२४ पासून ती कोल्हापूर-पुणे धावते खरी, पण आठवड्यातून तीनच दिवस, आणि कोल्हापूरहून सव्वाआठला निघून पुण्याला दुपारी पोचते. अपॉइंटमेंट सकाळची असेल तर उपयोग नाही. मी रात्रीची बस धरली, पाचला स्वारगेटला उतरले, मुंढव्यापर्यंत रिक्षा केली आणि केंद्रासमोरच्या टपरीवर दोन तास चहा पीत बसले. माझ्यासारखे तिथं आणखी सहा-सात जण होते. कुणी सोलापूरचं, कुणी साताऱ्याचं, आणि प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल. आत मात्र दीड तासात मोकळी झाले. पहिल्या काउंटरवर कागद आणि फोटो, दुसऱ्यावर पडताळणी, तिसऱ्यावर मंजुरी. मी पांढरा कुर्ता घालून गेले होते, आणि मागचा पडदाही पांढराच. दहा वर्षं त्या फोटोत माझं मुंडकं हवेत तरंगणार आहे. रंगीत कपडे घाला.

शुक्रवारी अर्ज, सोमवारी रवाना झाल्याचा मेसेज, बुधवारी पासपोर्ट. पोलिसांचा फोन त्यानंतर आठवड्यानं. बस, रिक्षा, जेवण आणि एक दिवसाची रजा धरली तर वरच्या २००० चे चार हजार झाले. पण क्रूझचं तिकीट बुडतं तेव्हा चार हजारांची गोष्ट कुणी काढत नाही.

गोवा, बेळगाव

जून २०१८ पासून देशातल्या कुठल्याही पासपोर्ट कार्यालयाकडं अर्ज करता येतो. पासपोर्ट येतो तो तुम्ही दिलेल्या पत्त्यावरच, आणि पोलीस तपासणीही तिथल्याच ठाण्याकडून. पुण्याच्या तारखा लांबच्या असतील तर पणजी बघायला हरकत नाही. आमच्या गल्लीतलं एक जोडपं आंबोलीमार्गे गेलं, अर्ज दिला, मासे खाऊन आलं. बेळगाव तर शंभर-सव्वाशे किलोमीटरच, फक्त तिथला अर्ज बेंगळुरूच्या कार्यालयाकडं जातो. बेळगाव कुणाचं हा वाद पोर्टलला माहीत नाही, एवढं एक बरं. पण तुमचा पासपोर्ट मग बेंगळुरूहून स्पीड पोस्टानं येणार हे लक्षात ठेवा.

एजंटाकडं जायचं का, हेही लोक विचारतात. एका एजंटानं मला तत्काळची "खास तारीख" काढून देतो म्हणून फीच्या वर तीन हजार सांगितले होते. त्याला दिसतं ते पोर्टल तुमच्याही मोबाइलवर दिसतं. फॉर्म भरायचा खरोखरच कंटाळा असेल तर पाच-पन्नास रुपये देऊन कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत भरून घ्या. सरकारी पत्ता पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. तसंच दिसणाऱ्या बाकीच्यांवर कार्ड नंबर टाकू नका.

दिवस मोजण्याआधी हे बघा

आता मुद्द्यावर येते. सगळे विचारतात, "किती दिवस लागतील?" मी उलट विचारते, "मागच्या पासपोर्टानंतर काय बदललं?" कारण कोल्हापूर की पुणे, साधा की तत्काळ, यापेक्षा या उत्तरावर जास्त अवलंबून आहे.

मामांचं काहीच बदललेलं नव्हतं. तेच घर, तीच सही, तोच नावाचा क्रम, पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये कोरा करकरीत. अशा माणसाचा साधा अर्जसुद्धा पळतो. पडताळणी कधी आधी होते, कधी नंतर, कधी लागतच नाही. ते कार्यालय ठरवतं, आणि स्वच्छ रेकॉर्डला ते बहुतेक वेळा त्रास देत नाहीत.

आत्याचा पासपोर्ट कपाटाच्या खालच्या खणात होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा तो खण पूर्ण बुडाला. नंतर तिनं गच्चीवर वाळत घातला होता, मिरच्या घालतात तसा, पान उलटून पान. मी हातात घेतला तर पानं पापडासारखी कुरकुरली. फोटोचं पान ठीक होतं, नंबरही वाचता येत होता, पण शेवटच्या पानावर पत्त्याची शाई पसरून निळा ढग झाला होता.

"चालतोय की, वाचता येतंय," आत्या म्हणाली.

वाचता येणं आणि खराब नसणं वेगळं. असा पासपोर्ट 'डॅमेज्ड' या खान्यात जातो आणि फी दुप्पट होते: छत्तीस पानांना ३००० रुपये. ओळखू न येण्याइतका खराब झाला असेल किंवा हरवला असेल तर तत्काळचा दरवाजा बंदच. नावात मोठा बदल असेल तरीही तेच. आपल्याकडं बायकांचे निम्मे घोळ इथंच होतात: पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर वडिलांचं नाव मधेच अडकलेलं. हे सगळं लग्नानंतर दहा वर्षं कुणाला आठवत नाही आणि क्रूझच्या महिनाभर आधी आठवतं.

मामांबरोबर त्याच दिवशी, त्याच रांगेत आत्याचाही अर्ज दिला. काउंटरवरच्या बाईंनी पानांवरून अंगठा फिरवला, शेवटचं पान उजेडाकडं धरलं आणि शांतपणे विचारलं, "एकोणीसचा पूर का?" कोल्हापुरात हे सांगावं लागत नाही. पण माणुसकी वेगळी, प्रक्रिया वेगळी. आत्याची पडताळणी आधी झाली. ठाण्यातून बोलावणं, शेजारचे दोन साक्षीदार, परत कागद. पासपोर्ट आला तेव्हा भेटीनंतरचा चोविसावा दिवस होता आणि जहाजाला पाच दिवस राहिले होते.

पाच दिवसांत पासपोर्ट असून भागत नाही. भारतीयाला सिंगापूरचा व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटांमार्फतच काढावा लागतो, आणि व्हिसा पासपोर्ट क्रमांकावर असतो, म्हणजे नवा नंबर हातात आल्याशिवाय अर्ज नाही. वर जहाज सिंगापूर सोडून पेनांग, फुकेत करून परत सिंगापूरलाच येतं, म्हणून एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा हवा. क्रूझचं वेब चेक-इनही काही दिवस आधी बंद होतं. म्हणून दिवस मोजताना जहाज सुटायच्या तारखेपासून उलटे मोजा, आणि व्हिसासाठी दहा दिवस सोडूनच पासपोर्टाचे धरा. आमचे तेहतीस दिवस प्रत्यक्षात तेवीसच होते.

तेव्हा माझा सल्ला मागाल तर असा. काही बदललेलं नाही आणि हातात पाच आठवड्यांहून जास्त आहेत, तर कोल्हापुरातच साधा अर्ज करा, उगाच पुण्याला नाचू नका. काही बदललेलं नाही पण दिवस कमी आहेत, तर तत्काळ, आणि जिथं लवकरची तारीख दिसेल तिथं. पासपोर्ट भिजलेला, फाटलेला, हरवलेला किंवा नाव बदललेलं असेल, तर तत्काळच्या मागं लागून जीव काढण्यापेक्षा त्याच दिवशी क्रूझ कंपनीला फोन करा. जहाजाची तारीख जवळ येते तसा रद्द करण्याचा दंड वाढत जातो, म्हणून हा फोन पहिल्या दिवशी स्वस्त असतो. आम्ही तो पंचविसाव्या दिवशी केला. तारीख दोन महिने पुढं गेली, थोडे पैसे गेले, आणि आत्यानं मुलाला काही बोलायच्या आत मुलानंच आत्याला बोलून घेतलं.

समुद्रच बघायचा असेल, देश नाही, तर मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलियाचं जहाज आहे. देशातल्या देशात असल्यामुळं आधार किंवा मतदार ओळखपत्रावर जाता येतं. मी हे सुचवलं होतं. आत्या म्हणाली, गोव्याला जायला मला जहाज कशाला.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचे पासपोर्ट आधी काढून बघा. ते पाचच वर्षं चालतात, आणि अर्जाला आई-वडील दोघांची संमती लागते.

शेवटचा टप्पा स्पीड पोस्टाचा. पासपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात, ओळखपत्र बघून देतात, म्हणून रवाना झाल्याचा मेसेज आला की दोन दिवस घर सोडू नका. मामांना हे मी तीनदा सांगितलं होतं. पोस्टमन आला तेव्हा ते गुऱ्हाळावर होते. मी दारात आधार घेऊन उभी, पण त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं नाही, आणि बरोबरच केलं. फोनवर फोन केल्यावर मामा अर्ध्या तासानं स्कूटरवरून आले, कोपरापर्यंत काकवीचे ओघळ, आणि तसाच हात पुढं केला. पोस्टमननं पाकीट मागं घेतलं.

"काका, आधी हात धुऊन या."