चाच्यांच्या इतिहासाची पुस्तकं: काही महिने वाचून झाल्यावरचा अनुभव (आधी मागच्या टिपा उघडा)

बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या टोळीचा खटला वाचत होते. १७२२ साल, पश्चिम आफ्रिकेतला केप कोस्ट कासल हा किल्ला, ५२ जण फासावर. ‘अ जनरल हिस्टरी ऑफ द पायरेट्स’ या त्या काळच्या पुस्तकात कॅप्टन जॉन्सनने त्यांच्या नावांचा, वयांचा आणि गावांचा तक्ता दिला आहे आणि मला नेमका तोच हवा होता. तक्त्याचं एक पान आलं. पुढचं गायब. त्या जागी आधीचंच पान पुन्हा छापलेलं, तेही तिरकं, आणि कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. बाहेरून मात्र कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं आणि ‘संग्राह्य आवृत्ती’ असा शिक्का. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, ‘पुस्तक तीनशे वर्षं जुनं आहे, मूळ प्रतीतच पान नसेल.’ जुन्या आवृत्त्यांची स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत. त्यातून ते पान काढून पाठवलं, तर म्हणे स्कॅनच्या दर्जाची हमी आम्ही घेत नाही. बरीच पत्रापत्री झाल्यावर पैसे परत मिळाले. पण जी गोष्ट फुकट आणि पूर्ण मिळते, तीच अर्धवट करून विकायची आणि वर ग्राहकालाच इतिहास शिकवायचा, याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा पहिला सल्ला हाच. जॉन्सनचं हे पुस्तक विकत घ्यायचं असेल तर नव्याने अक्षरजुळणी केलेली, संपादकाच्या टिपा असलेली आवृत्ती घ्या. नुसतं स्कॅनचं पुनर्मुद्रण असेल तर एक पैसाही देऊ नका. हेही बघा की दोन्ही खंड आहेत की नाहीत. पहिला १७२४ चा, दुसरा १७२८ चा. ‘संपूर्ण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी प्रती प्रत्यक्षात निवडक प्रकरणांच्या असतात. ग्रंथालयात शोधताना जॉन्सन या नावाखाली सापडलं नाही तर कादंबरीकार डॅनियल डिफो या नावाखाली बघा. १९३२ मध्ये एका अभ्यासकाने हे पुस्तक डिफोचं असल्याचं मांडलं, १९७२ ची टिपांसह निघालेली चांगली आवृत्ती त्याच नावाने आली आणि बऱ्याच कॅटलॉगांनी तेच नाव धरलं. १९८८ मध्ये त्या दाव्याची पार चिरफाड झाली, पण कार्डं बदलली नाहीत. मला हवी ती प्रत ग्रंथालयात होतीच, फक्त भलत्या कप्प्यात.

आता मुख्य मुद्दा. चाच्यांवर पुस्तकांचा तोटा नाही, दर वर्षी नवं येतं. अडचण अशी की त्यातली निम्मीअधिक एकाच पुस्तकाची री ओढतात, म्हणजे जॉन्सनची. ब्लॅकबिअर्ड टोपीखाली पेटत्या वाती खोचायचा, रॉबर्ट्सच्या जहाजावर रात्री आठनंतर दिवे बंद, अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड या दोन स्त्री-चाच्या पुरुषवेशात एकमेकींना फसल्या, हे सगळं तिथून आलेलं. लेखक ते अशा थाटात सांगतो की जणू स्वतः दप्तरखान्यात बसून काढलंय. म्हणून नवं पुस्तक हातात आलं की मी पहिलं पान उघडत नाही, शेवटच्या टिपा उघडते. टिपाच नसतील तर पुस्तक बंद. काही जणांना हे अति वाटेल, पण या विषयात टीप नसलेलं वाक्य म्हणजे ऐकीव गोष्ट.

माझी परीक्षा ठरलेली आहे: बॉनी आणि रीडचं प्रकरण. त्यांच्या खटल्याचा वृत्तांत १७२१ मध्ये जमैकातच छापला गेला. खटला नोव्हेंबर १७२० चा. डोरोथी थॉमस नावाच्या बाईची साक्ष त्यात आहे. ती सामानाने भरलेल्या छोट्या होडीतून जाताना कॅप्टन रॅकमच्या टोळीने, म्हणजे बॉनी आणि रीड ज्या टोळीत होत्या तिने, तिला लुटलं. ती सांगते, दोघींच्या अंगात पुरुषांची जाकिटं आणि लांब विजारी होत्या, डोक्याला रुमाल बांधलेले, हातात कोयता आणि पिस्तूल. आणि हिला मारून टाका, नाहीतर ही उद्या आपल्याविरुद्ध साक्ष देईल, म्हणून त्या बाकीच्यांना शिव्या घालत होत्या. तिने साक्ष दिलीच. पुढे दोन फ्रेंच माणसांची साक्ष आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ते म्हणतात, जहाजाचा पाठलाग किंवा हल्ला असेल तेव्हा या दोघी पुरुषांचे कपडे घालत, एरवी बायकांचे.

एरवी बायकांचे! म्हणजे टोळीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मग जॉन्सनची ती लपवाछपवीची प्रेमकहाणी, एक दुसरीला पुरुष समजून भाळते वगैरे, कुठे बसवायची? निदान जहाजावरच्या त्या शेवटच्या दिवसांत तरी ती बसत नाही. ज्या पुस्तकात ही साक्ष आहे ते मी पुढे वाचते. ज्यात नुसती प्रेमकहाणी आहे ते परत करते. एवढ्या एका चाळणीने पैसे आणि वेळ दोन्ही भरपूर वाचले.

इथवर माझं मत पक्कं होतं: जॉन्सन म्हणजे भाकडकथा, आणि टिपा म्हणजे प्रामाणिकपणा. पुढच्या वाचनात दोन्ही मतं बदलली.

आधी टिपांचं. पीटर लीसनचं ‘द इन्व्हिजिबल हुक’ (२००९) घेतलं. चाच्यांची कलमं, म्हणजे टोळीने सह्या करून मान्य केलेले जहाजावरचे नियम, ही छोटी राज्यघटनाच, आणि ती त्यांनी आपापल्या फायद्याच्या हिशोबाने बनवली, असा अर्थशास्त्रज्ञाचा मुद्दा. मांडणी चोख, टिपा भरपूर. मी खूश. मग एकेका टिपेचा माग काढायला लागले तर पुन्हा पुन्हा जॉन्सनच समोर. रॉबर्ट्सच्या कलमांचंच घ्या. प्रत्येकाला एक मत, पैसे लावून जुगार नाही, वादकांना रविवारची सुट्टी. ही कलमं आपल्याला जॉन्सनमुळेच माहीत आहेत, आणि तो स्वतःच सांगतो की सह्या केलेला मूळ कागद टोळीने पकडलं जाण्याआधी समुद्रात फेकून दिला होता. त्यावर राज्यघटनेचा सिद्धांत उभा करायचा म्हणजे धाडस आहे. पुस्तक वाईट नाही, वाचाच, पण टिपांची संख्या बघून भुलू नका. टीप कुठे नेऊन सोडते ते बघा.

आता जॉन्सनचं. जॉर्ज लाउथरच्या टोळीची म्हणून तो जी कलमं देतो, ती जवळजवळ तशीच १७२३ मध्ये ‘बॉस्टन न्यूज-लेटर’ या वर्तमानपत्रात एडवर्ड लो याच्या टोळीची म्हणून छापून आली होती. लो हा आधी लाउथरचाच माणूस, त्यामुळे कलमं तिकडून इकडे आली असणं अगदी शक्य आहे. म्हणजे जॉन्सन हवेतून लिहीत नव्हता. त्याच्यासमोर वर्तमानपत्रं होती, खटल्यांचे वृत्तांत होते. कागद जिथे संपतो तिथे तो रंग भरतो. दुसऱ्या खंडातला कॅप्टन मिसन आणि त्याचं लिबर्टालिया हे स्वातंत्र्याचं राज्य तर सरळसरळ कल्पित आहे, आणि तरी काही पुस्तकं ते आजही इतिहास म्हणून छापतात. पण खटल्यांच्या भागात हा माणूस बऱ्यापैकी विश्वासाचा आहे. आता मी त्याला टाकत नाही, बाजूला दुसरा कागद ठेवून वाचते.

मार्कस रेडिकरच्या ‘व्हिलन्स ऑफ ऑल नेशन्स’ (२००४) बद्दल माझं मत असंच वरखाली झालं. त्याचे चाचे म्हणजे मालक आणि कप्तानांच्या छळाविरुद्ध उठलेले खलाशी. सुरुवातीला वाटलं, हा त्यांच्या प्रेमात पडलाय. पण व्यापारी जहाजांवरचे फटके, कापलेला पगार, उपासमार हे तो न्यायालयीन कागदांतून दाखवतो, आणि ते वाचल्यावर माणसं काळ्या झेंड्याखाली का गेली हे खरंच कळतं. त्यांनी केलेल्या छळाकडे त्याने आणखी कडक नजरेने बघायला हवं होतं, हे मत मात्र कायम आहे.

पहिलंच पुस्तक घेणार असाल तर डेव्हिड कॉर्डिंग्ली. लंडनच्या सागरी संग्रहालयात काम केलेला माणूस. कादंबऱ्या आणि नाटकांनी काय पसरवलं आणि कागद काय म्हणतात, हे तो शांतपणे वेगळं करतो. सावध फक्त एका बाबतीत राहा: ‘अंडर द ब्लॅक फ्लॅग’ आणि ‘लाइफ अमंग द पायरेट्स’ ही एकाच पुस्तकाची दोन नावं आहेत, एक अमेरिकेतलं, एक ब्रिटनमधलं. दोन्ही मागवू नका. गोष्ट म्हणून वाचायचं असेल तर कॉलिन वुडार्डचं ‘द रिपब्लिक ऑफ पायरेट्स’ (२००७), बहामा बेटांवरचा नासाऊ हा चाच्यांचा अड्डा आणि १७१८ मध्ये तो मोडायला आलेला गव्हर्नर वुड्स रॉजर्स. ब्लॅकबिअर्डने शेवटच्या लढाईआधी कुणाला ठार मारल्याचा एकही पुरावा बळींच्या जबान्यांत नाही, हे वुडार्डनेच ठासून मांडलं. १७१८ मध्येच ब्लॅकबिअर्डने चार्ल्सटनचं बंदर अडवून काय मागितलं, तर औषधांची पेटी. कसलेला लुटारू औषधासाठी शहर वेठीला धरतो, यातून त्याच्या जहाजावरची हालत कळते.

चाचा म्हणून फासावर गेलेल्या कॅप्टन किडवर एकच वाचायचं असेल तर रॉबर्ट रिची (१९८६). भाषा कोरडी, पण खरा विषय राजकारण आहे. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या चाच्याने मुघलांचं गंज-इ-सवाई हे जहाज लुटलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारावर संकट आलं, आणि नंतर किडने केदा मर्चंट हे जहाज पकडल्यावर लंडनला कुणाला तरी लटकवणं भागच होतं. फ्रेंच जहाजं पकडायची सनद किडकडे होती आणि या जहाजाकडे फ्रेंच परवाने होते, म्हणून ते पकडणं कायदेशीर, हा किडचा बचाव. खटल्यात ते परवाने मिळालेच नाहीत. १७०१ मध्ये तो फासावर गेला, आणि परवाने विसाव्या शतकात लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले. एका कागदावर एक जीव! मी टिपांसाठी एवढी हटून बसते ती यासाठी.

आणि म्हणूनच ई-बुकांवर माझा राग आहे. छापील पुस्तकात चाळीस-पन्नास पानांच्या टिपा असतात. त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीत आकड्यावर बोट ठेवलं तर काही होत नाही, टिपा शेवटी एका लांबलचक पट्ट्यात ओतलेल्या, आणि सूचीतले पानांचे आकडे निरुपयोगी, कारण पानंच नाहीत. स्वस्त पडतं म्हणून मी दोन ई-आवृत्त्या घेतल्या, दोन्ही शेवटी ग्रंथालयातून छापील आणून वाचल्या. नमुना प्रकरण फुकट मिळतं, त्यात टिपेचा दुवा चालतो का तेवढं आधी तपासा.

एका गोष्टीने मात्र फार आनंद दिला. ब्लॅकबिअर्डचं क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज हे जहाज १७१८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ रुतलं आणि १९९६ मध्ये त्याचे अवशेष सापडले. त्यातल्या एका तोफेच्या दारूच्या कप्प्यात ओला लगदा मिळाला आणि त्यातून कागदाचे सोळा इवलेसे तुकडे निघाले. काही अक्षरं वाचता आली. त्यावरून अभ्यासकांनी पुस्तक ओळखलं: एडवर्ड कुकने १७१२ मध्ये छापलेलं सागरप्रवासाचं वर्णन. हा कुक ज्या मोहिमेवर होता तिचा प्रमुख वुड्स रॉजर्स, तोच, नासाऊचा गव्हर्नर. चाच्यांच्या जहाजावर पुस्तक होतं, आणि तेही याचं! ही बातमी २०१८ ची, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ती सापडणार नाही. नव्या पुस्तकात ती आहे का हे आता माझ्या चाळणीत आलंय.

आणखी एक चाळणी आपल्या वाचकांसाठी: सूचीत कान्होजी आंग्रे शोधा. त्यांना चाचा कुणी म्हटलं आणि का, हे सांगणारं पुस्तक ठेवा. मराठ्यांचा सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, स्वतःच्या किनाऱ्यावर दस्तक, म्हणजे ये-जा करायचा परवाना, मागतो आणि कंपनीची जहाजं ते घ्यायला नकार देतात, यातला वाद सत्तेचा आहे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले, एवढंही न सांगता त्यांना किडच्या शेजारी बसवणारी पुस्तकं मी अर्ध्यावर सोडली.

सध्या डायन मरेचं दक्षिण चिनी समुद्रातल्या चाच्यांवरचं पुस्तक (१९८७) चालू आहे. झेंग यी साओ या चाच्यांच्या म्होरकीने नवऱ्यामागे १८०७ पासून ताफा चालवला आणि १८१० मध्ये सरकारशी बोलणी करून सुखरूप बाहेर पडली. मरे चिनी दप्तरातून लिहिते, जॉन्सनचा तिथे संबंधच नाही, आणि दर दोन पानांआड नकाशा बघावा लागतो. वाचायला जड आहे. पण विकत घेऊ नका, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मागवा.