ठाण्याची साइट की भुयारी स्टेशन?

पाच वर्षं ठाण्यात इमारतींच्या साइटवर काढली. स्लॅबची सळई तपासणं, काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब भरून ताकद बघायला २८ दिवसांनी फोडणं, शटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) ठेकेदाराशी हुज्जत घालणं, सगळं हातात बसलंय. आता मुंबईत भुयारी मेट्रोच्या कामावर, वरच्या हुद्द्यावर बोलावणं आलंय. खोदाईचा अनुभव? बेसमेंटचा एक खड्डा, तोही अर्धाच.

इथे राहिलो तर बढती जवळपास नक्की, घरचा डबा, आणि चूक झाली तर बहुतेक वेळा दिसते. हनीकोंब पडला, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या राहिल्या, की शटर उघडताच कळतं. तिथे चूक जमिनीआड असते. मुंबईखाली बेसाल्ट आहे म्हणून निर्धास्त राहावं तर मध्येच ब्रेशिया किंवा टफ असा कच्चा खडक लागतो, वर भरावाची जमीन, शेजारी जुनी चाळ. मुलाखतीत त्यांनी कोअर बॉक्स (ड्रिल करून काढलेल्या खडकाच्या कांड्यांची पेटी) पुढ्यात ठेवून आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याचं माप, विचारला. १० सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकडे तेवढेच धरायचे, त्यांची बेरीज भागिले ड्रिल केलेली लांबी. मी बारके तुकडेही टेपने मोजत सुटलो होतो! तरी पत्र आलंच.

पगार तिकडे बराच जास्त. (लोकलची गर्दी दोन्हीकडे सारखीच.) पण मला अडतंय ते सहीपाशी. आराखड्यावर सही डिझाइन सल्लागाराची असेल, आणि खोदलेल्या खड्ड्याची भिंत किती सरकली ते सांगणारे इन्क्लिनोमीटरचे आकडे रोज माझ्यासोबत वाचणारा कोणी ज्येष्ठ असेल, तर जाईन. सगळं माझ्याच गळ्यात पडणार असेल तर ठाणं बरं. सोमवारी फोन करून आधी हेच विचारतो.