मुरमाखालची काळी माती

सोलापुरात पाऊस मुळात कमी, त्यामुळे नव्या घराभोवतीच्या चिखलाचा विचार बहुतेक जण बाग करायची वेळ आल्यावरच करतात. मात्र इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की बोटे आत जातील एवढ्या भेगा टाकते. त्यामुळे सप्टेंबरातला एखादा जोरदार पाऊसही अंगणाचा राडा करायला पुरेसा होतो. या चिखलाच्या बंदोबस्तासाठी दिलेल्या कामात आमची जी फसवणूक झाली, ती घर बांधणाऱ्या इतरांना माहीत असावी म्हणून लिहीत आहे.

जुळे सोलापूरच्या पुढे आमचे घर पूर्ण झाल्यावर, हिरवळ आणि झाडे लावण्याआधी भरणीचे काम एका ठेकेदाराला उक्ते दिले. पाया खोदताना निघालेली काळी माती आणि वरचा मऊ थर उचलून बाहेर न्यायचा, त्यावर सहा-सहा इंचांचे मुरमाचे (खडेरी, तांबूस भरणीच्या मातीचे) थर पाणी मारून धुमसाने (माती ठोकून बसवायच्या जड अवजाराने) दाबायचे आणि भिंतीपासून पहिल्या 10 फुटांत किमान 6 इंच उतार बाहेरच्या बाजूला द्यायचा, असे ठरले होते. हे कागदावर लिहून त्याची सहीही घेतली होती. आम्ही दोघेही नोकरीवर असताना ट्रॉल्या येत आणि संध्याकाळी परतल्यावर तांबूस, सपाट, रेखीव अंगण दिसे. माती बाहेर नेण्याचे पैसे, मुरमाचे पैसे आणि दाबाईची मजुरी असे सगळे त्याने चुकते करून घेतले.

पहिल्याच मोठ्या पावसात मुरमातून काळा चिखल वर आला. फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "काय काळजी करू नका ओ साहेब, नवी भरणी हाय, बसणारच की." हे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. सैल टाकलेली भरणी बसतेच; पण थराथराने दाबलेली भरणी घोट्यापर्यंत पाय आत घेत नाही. शेवटी मागच्या बाजूला पहारीने खड्डा घेतला. वर जेमतेम तीन बोटे मुरूम, त्याखाली पायाचीच काळी माती, तीही ढेकळांसकट, आणि मध्ये सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचे तुकडे. जी माती बाहेर नेल्याचे पैसे घेतले होते, तीच पसरून वर मुरमाचा मुलामा दिला होता. ती बसताना भिंतीकडे जास्त बसली, त्यामुळे उतार उलटा झाला आणि गच्चीच्या पाइपांचे पाणी थेट जोत्याला लागून साचू लागले. चिखलापेक्षा हे अधिक वाईट, कारण जोत्यालगतची काळी माती सतत भिजत-सुकत राहिली की फरशी उचलली जाते आणि भिंतीला तडे जाऊ शकतात.

मापातही तीच तऱ्हा होती. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. आलेल्या ट्रॉलीचा हौदा आतून 10 फूट लांब आणि 6 फूट रुंद होता आणि शेजाऱ्यांनी काढलेल्या फोटोत मुरूम सरासरी फूटभरच दिसतो, म्हणजे माल 60 घनफूट. हिशोबात मात्र प्रत्येक खेप एक ब्रास. हजार चौरस फुटांवर सहा इंचांचा थर द्यायला 500 घनफूट, म्हणजे 5 ब्रास लागतात आणि दाबल्यावर सैल मुरूम कमी होतो म्हणून त्याहून थोडा जास्तच. ट्रॉली रिकामी होण्याआधी टेपने हौदा मोजू द्यायला जो ठेकेदार नाही म्हणेल, त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. मुरूम हे गौण खनिज आहे, त्यामुळे वाहतुकीची अधिकृत पावतीही मागावी. आमच्या ठेकेदाराने ती "उद्या देतो" म्हणून कधीच दिली नाही.

मालाची परीक्षा घरीही होते. मूठभर मुरूम काचेच्या ग्लासात पाण्याबरोबर ढवळून ठेवावा. चांगल्या मुरमाचे खडे लगेच तळाला बसतात. मातीमिश्रित मालाचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहते. पैसे मात्र थरागणिक द्यावेत: काळा थर काढलेला पाहिल्यावर एक हप्ता, पहिला थर दाबून पहार सहज आत जात नाही याची खात्री झाल्यावर दुसरा, आणि शेवटचा हप्ता भिंतीलगत पाणी ओतून ते बाहेर वाहताना पाहिल्यावर. ठेकेदार कुरकुरतील, कुरकुरू द्यावे.

आता सगळे उकरून पुन्हा भरणी चालू आहे. पाइपांचे पाणी गटारापर्यंत नेले आहे आणि काढलेली काळी माती भिंतीपासून दूर, झाडांच्या वाफ्यांसाठी ठेवली आहे. ठेकेदाराला पाठवलेली नोटीस न स्वीकारता परत आली, म्हणून सहीचा कागद, खड्ड्याचे फोटो आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.