जुनी वंशावळ हलवायचीये: रूट्समॅजिक की ग्रॅम्प्स?
सदाशिव पेठेतल्या काकांनी अख्खी वंशावळ पीएएफ नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवलीये आणि ते २०१३ लाच बंद झालंय, म्हणून मी रूट्समॅजिक आणि ग्रॅम्प्स ही वंशावळीची दोन्ही सॉफ्टवेअर वापरून बघितली.

रूट्समॅजिकचं सोपंय, पीएएफची फाईल थेट आत घेतं, मधे काही उद्योग नाही. ग्रॅम्प्स पूर्ण फुकट, लिनक्सवरही मस्त चालतं, पण त्याला ती फाईल थेट वाचता येत नाही, आधी जुन्या मशीनवर पीएएफ उघडून जेडकॉम (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाईल) काढायचं, आणि तेव्हा अक्षरं साठवायचा प्रकार म्हणून जुनं अॅन्सेल न घेता यूटीएफ-८ निवडायचं. फोटो वेगळे कॉपी करा, जेडकॉममध्ये फक्त त्यांचा पत्ता जातो.

खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. काकांनी टिपा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, युनिकोड नाहीच, त्यामुळे पणजोबांच्या टिपेत दोन्हीकडे नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसत होते! त्या कन्व्हर्टरमधून काढल्या आणि मग रविवारभर बसून जोडाक्षरं हाताने नीट केली. यात या दोन्हीपैकी कुठलंच सॉफ्टवेअर मदत करत नाही.

मी शेवटी ग्रॅम्प्सवर आलो, कारण आपली नावं त्यात नीट बसतात. आजीचं माहेरचं नाव जन्मनाव म्हणून आणि सासरचं लग्नानंतरचं म्हणून, दोन्ही राहतात, मधलं वडिलांचं नाव वेगळं ठेवता येतं, दत्तक गेलेल्या चुलत आजोबांना दोन्ही घरांत दाखवता येतं. शिकायला मात्र वेळ लागतो, काकांना रूट्समॅजिकच लावून दिलंय.