बैठं घर की वर एक मजला?

प्लॉट 30 बाय 50 फुटांचा. माणसं सहा: आईवडील, नवराबायको, दोन मुलं. समोर दहा आणि बाकी तिन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडले (नियमाचा आकडा तुमच्या नगरपरिषदेत विचारा), तर बांधायला 20 बाय 35, म्हणजे 700 चौरस फूट उरतात. त्यात हॉल, स्वयंपाकघर आणि दोन बेडरूम बसतात. तिसरी कोंबावी लागते. इथे वर जाण्यावाचून गत्यंतर नाही. घोळ होतो तो तीन गुंठ्यांवर, म्हणजे 3,267 चौरस फुटांवर. तिथे दोन्ही जमतं.

समजा, 1200 चौरस फूट घर हवंय. बैठं बांधलंत तर पाया 1200 चा आणि स्लॅबही 1200 चा. दुमजलीत दोन्ही मजल्यांना पाया एकच, 600 चा. गच्चीचं वॉटरप्रूफिंगही निम्मं. कॉलम आणि फुटिंग (कॉलमखालचा पाया) थोडं जड होतं, तरी काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खणायचं असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

पण जिना फुकट येत नाही. मजल्याची उंची दहा फूट धरली तर पावणेसात इंचांच्या अठरा पायऱ्या लागतात. मधे वळण घेणारा जिना साडेसहा बाय दहा फूट जागा खातो, तीही दोन्ही मजल्यांवर. वरचा पॅसेज धरून दीडशे फूट गेले, म्हणजे एक बेडरूम गेली. बैठ्या घरात गच्चीचा जिना बाहेरून काढता येतो.

उन्हाळ्याचं म्हणाल, तर मराठवाडा-विदर्भात बैठ्या घराची प्रत्येक खोली तापलेल्या स्लॅबखाली. दुमजलीत खालचं घर गार, वर मात्र रात्री अकरालाही भट्टी. शिवाय वरचं बाथरूम खालच्या बाथरूमवरच घ्या. आज ना उद्या ते गळणार, आणि तेव्हा खाली देवघर नको.

म्हातारपणाच्या हिशोबात बैठं घर सरळ जिंकतं. गुडघे गेले की वरचा मजला अडगळीला उरतो. दुमजली बांधणारच असाल तर खाली एक बेडरूम, तिला लागून संडास-बाथरूम आणि त्याचं दार तीन फुटांचं, एवढं आधी नकाशात आणा. नेहमीच्या अडीच फुटी दारातून व्हीलचेअर जाताना हात खरचटतात. वास्तू नंतर बघा.

आमच्याकडे जिना स्वयंपाकघराशेजारून वर गेला. मिस्त्री म्हणाला, ‘घरातच बरा.’ आता मुलं पुण्यात, वर दोन खोल्या रिकाम्या. भाडेकरू ठेवायचा तर तो रोज आमच्या ताटांवरून जाणार! तोच जिना पुढच्या दाराशी असता तर मधे एक दार लावून वरचं घर वेगळं करता आलं असतं.

‘आत्ता बैठं, पुढे पैसे आले की वर’ हा तिसरा मार्ग मला सगळ्यात पटतो, पण फुटिंग आणि कॉलम पहिल्याच दिवशी दोन मजल्यांच्या हिशोबाने इंजिनिअरकडून काढून घेतले तरच. जिन्याची जागाही तेव्हाच ठरवा. वरच्या कॉलमसाठी गच्चीवर सोडलेल्या सळया पाचसहा पावसाळ्यांत गंजून तांबड्या होतात. त्यांना सिमेंटचा पातळ लेप देऊन कमी सिमेंटच्या काँक्रीटने झाकून ठेवा, पुढे फोडायला सोपं जातं.