बीएमडब्ल्यू एक्स५ ला स्पेसर: बेअरिंगचा वाद मिटला, लाल चिखलाचा मिटत नाही

सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर 'मागचं उजवं व्हील बेअरिंग बदलणे, कारण बाहेरचे स्पेसर' असं लिहून आलं आणि खालचा आकडा बघून मी ते कार्ड घडी घालून खिशात टाकलं आणि सरळ गाडी बाहेर काढली. स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती, चाक थोडं बाहेर आणायला; मी बाहेरून घेऊन बसवलेत. साठच्या वर मागून घूंऽऽ असा आवाज यायचा हे खरं आहे. पण बेअरिंगच गेलंय हे ठरवायच्या आधी कोणी गाडी उचलून चाक हलवून बघितलं? स्पेसर दिसला की लगेच निकाल. वर अलाइनमेंटही करणार नाही म्हणे, आधी स्पेसर काढून या.

म्हापशाला माझा नेहमीचा टायरवाला आहे, तो म्हणाला, "बाब, आधी टायर पुढचे मागे करूया. आवाज पुढे आला तर टायर, मागेच राहिला तर बेअरिंग." केले. आवाज पुढे आला! मग त्याने मागून काढलेल्या टायरच्या आतल्या कडेवर माझा हात फिरवून दाखवला, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखे दात. मागचा टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला, त्याने टायर असे खाल्ले. अलाइनमेंट दुसरीकडे करून घेतली, काम झालं.

आता हे जमलं कशामुळे, तर चारही टायर एकाच साइझचे आहेत म्हणून. माझी एफ१५ (एक्स५ ची तिसरी पिढी), ३०डी म्हणजे डिझेल, सेकंड हँड घेतलेली, चारही चाकांना २५५/५० आर१९, म्हणजे २५५ मिमी रुंद, भिंत रुंदीच्या ५० टक्के, रिम १९ इंची. घेतली तेव्हापासून जो भेटेल तो सांगतोय २० इंच घाल, पुढे २७५/४०, मागे ३१५/३५, कंपनीचंच सेटिंग आहे. असेल ना कंपनीचं, पण ३१५ पुढे बसत नाही, म्हणजे टायर पुढचे मागे करणं (रोटेशन) विसरायचं, मागचे आधी झिजणार, आणि ऑल व्हील ड्राइव्ह असल्यामुळे पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात जास्त फरक चालत नाही, म्हणजे फिरून फिरून चारही घ्या. शिवाय १९ ला टायरची भिंत साधारण १२७ मिमी, २० ला ११०. डिचोली-साखळीचे खड्डे ज्याने पावसात बघितलेत त्याला हे १७ मिमी रबर किती कामाचं ते सांगायला नको. मी १९ वरच राहिलो, फक्त रनफ्लॅट (हवा गेली तरी चालणारे कडक भिंतीचे टायर) काढून त्याच साइझचे साधे टायर घातले. रनफ्लॅट पंक्चर झाल्यावर ८० च्या स्पीडने ८० किमी जातो वगैरे ठीक आहे, पण रोज दगडावर बसल्यासारखं कोण फिरणार. हवेचा पंप आणि पंक्चर किट डिकीत ठेवलंय. घेताना लोड इंडेक्स तेवढा बघा, १०७ पाहिजे म्हणजे एका टायरला ९७५ किलो. मला स्वस्तात १०३ वाला दाखवत होते, तो ८७५ चा, मी पैसे वाचवणारा माणूस पण तिथे नाही वाचवले.

स्पेसर कशाला, तर ९ इंची रिम, ऑफसेट ४८ मिमी (रिमवर ईटी४८ लिहितात; आकडा जेवढा मोठा तेवढं चाक आत), मागून बघितलं की चाकं आत घुसलेली दिसतात, एवढी मोठी गाडी आणि पाय बारीक. मागे १५ मिमी घातले, ऑफसेट झाला ३३. घ्यायच्या आधी मडगार्डच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडून बघितला, टायरचा फुगीर भाग दोरीच्या आत राहतो. दिसायला एक नंबर, पैसा वसूल. हबसेंट्रिकच (हबच्या कडेवर घट्ट बसून चाक मध्यावर ठेवणारे) घ्या आणि बोअर, म्हणजे मधलं भोक, ७४.१ मिमीचंच. दुकानवाला 'सगळ्या बीएमडब्ल्यूला चालतो' म्हणून ७२.६ चा देत होता, तो आपल्या हबवर चढतच नाही. बोल्ट एम१४ (१४ मिमी जाड), पिच म्हणजे आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी, आणि स्पेसर जेवढा जाड तेवढेच जास्त लांब. १४० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने आवळायचे, गनने नाही, आणि शंभरेक किमीनंतर परत बघायचे.

पुढेही १२ मिमीचे घातले होते, ते काढले. पर्वरीला फ्लायओव्हरचं काम चाललेलं तेव्हा उखडलेल्या रस्त्यावर स्टीअरिंग हातातून ओढायचं. चाक बाहेर गेलं की प्रत्येक खड्डा थेट हातात येतो. मागे तसा काही त्रास नाही.

मागे त्रास वेगळाच आहे आणि तो कुठल्याच रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही. चिखल! टायर १५ मिमी बाहेर आला की ओळंब्याच्या आत असला तरी मडगार्ड त्याचा चिखल अडवत नाही, आणि आमच्या खाणपट्ट्यातली लाल माती पावसात कशी असते ते इथल्यांना माहितीय. मागच्या चाकापासून बंपरच्या कोपऱ्यावर, टेललाइटवर, डिकीच्या हँडलपर्यंत लाल पट्टा, गाडी पांढरी. आईला कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला नेलं, डिकीतून ओटीची पिशवी काढताना साडीचा पदर बंपरला लागला आणि देवळात शिरेपर्यंत मला ऐकावं लागलं. रोज संध्याकाळी पाइप घेऊन मी धुतोय, वॉशिंगवाल्याला दर आठवड्याला पैसे द्यायचे म्हणजे वर्षभरात स्पेसरच्या दुप्पट जातील. मडफ्लॅप लावून बघितले, ते स्पेसरपेक्षा वाईट दिसतात आणि माती त्यांच्या बाजूने जातेच.

इथपर्यंत गेल्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं आणि स्पेसरला दहापैकी आठ देणार होतो. काल पावसाळ्यापुरते काढायचे म्हणून गाडी जॅकवर घेतली तर डावीकडचा निघेचना. हब लोखंडी, स्पेसर अॅल्युमिनियमचा, त्यात आपली खारी हवा, दोन्ही एकजीव. लाकडाचा ठोकळा लावून चहूबाजूंनी ठोकलं, तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी निघाला. आता बसवताना हब तारेच्या ब्रशने घासून कडेला सिरॅमिक पेस्टचा (परत चिकटू नये म्हणून) पातळ हात देणार, बोल्टच्या आट्यांना मात्र काही लावायचं नाही, नाहीतर टॉर्कचा हिशोब चुकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओरिजिनल छोटे बोल्ट फेकू नका. स्पेसर काढून लांब बोल्ट तसेच आवळले तर ते हबच्या आत जास्त घुसतात, मागच्या पार्किंग ब्रेकच्या भागाला लागू शकतात. मार्क आठचे सहा केलेत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही वाचून घ्या, कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या बाहेरचे बदल चालत नाहीत असंच आहे ते. दुकानवाला 'कोण विचारतो' म्हणेल, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला विचारेल.

माझं ठरलंय, मृगाला काढायचे, तुळशीच्या लग्नाला घालायचे. पुढची १२ मिमीची जोडी घरात पडून आहे, लांब बोल्टसकट देऊन टाकणार. ई७० (एफ१५ च्या आधीची एक्स५) किंवा एफ१५ असेल तरच विचारा, जी०५ (नंतरची) वाल्यांनी नको, तुमच्या बोल्टची भोकं वेगळी आहेत, ५ बाय ११२, म्हणजे ११२ मिमीच्या वर्तुळावर पाच. आणि भाव कमी करायला सांगू नका, धुऊन पुसून देतोय.